आईचा आकडा

४ फेब्रुवारी

बटण,

पत्र फाडायच्या आधी एवढी एकच ओळ वाच: आई ठीक आहे. आता फाडलंस तरी माझं काम झालं.

नाही ना फाडलंस? मग ऐक. चार वर्षं तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, आणि आईच्या फोनवर माझा आवाज आला की फोन ठेवून देतेस. राहता राहिलं टपाल. आठ दिवस लागतात म्हणे परदेशात तुझ्यापर्यंत पोचायला. चार वर्षांपुढे आठ दिवस काय आहेत.

आईच्या फोनवर तू पाठवलेले निरोप मी वाचले. ती वाचत नाही, अक्षरं बारीक दिसतात म्हणून मलाच वाचायला लावते. "आई नऊ रविवार माझ्याशी का बोलली नाही? ताईने कान भरले का?" आईचे कान भरायचे तर आधी तिने ते माझ्यापुढे धरायला हवेत. मी काही सांगायला गेले की ती पंखा पुसायला काढते.

तिने तुझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. थकवा असतो, रविवारी पडून असते. "काही दिवस फोन करू नकोस" हा जो निरोप तुला गेला, त्यात राग वगैरे काही नव्हता.

आता खरी बातमी. डिसेंबरच्या तपासणीत फुप्फुसातली गाठ निम्म्यावर आली आहे. दिवसाला एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, संपलं. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. गोळ्यांचे डॉक्टर फोटो बघून हसले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं त्याला आम्ही हसू म्हणतो. अंगावर थोडी पुरळ आहे. ती या गोळीने सगळ्यांनाच येते. पुरळ आली म्हणजे गोळी काम करतेय असंच ते म्हणाले.

माझं विचारशील तर (विचारणार नाहीस, तरी सांगते) दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कचेरीतली नोकरी सोडली. आता आईच्याच रुग्णालयात आहे. तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी बिनखिडकीची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. कॅन्सरच्या औषधांनी ज्यांची कातडी खराब होते त्यांना दहा प्रश्न विचारायचे आणि त्यांचं जगणं किती अडलंय ते आकड्यात लिहायचं, हे माझं काम. रुग्ण मला प्रश्नवाली म्हणतात. हस, मला चालेल. "तुला माणसाला विचारताच येत नाही" असं बाबांच्या खोलीबाहेर जिला म्हणालीस, तिला आता विचारण्याचा पगार मिळतो.

उत्तर दे किंवा देऊ नकोस.

ताई

२१ फेब्रुवारी

बटण,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "आई बरी असेल तर बोलत का नाही? एवढंच सांग." अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक शब्द रेघेच्या वर चढलेला.

सांगितलं ना, थकवा. कर्करोगाचं औषध आहे, खोकल्याचं नाही.

त्यापेक्षा माझ्या खोलीतल्या गमती सांगते. दहा प्रश्न असतात. गेल्या आठवड्यात कातडीची खाज, आग, दुखणं किती होतं? लोकांसमोर लाज वाटली का? घरकाम अडलं का? हातांनी करायचं आवडीचं काम अडलं का? जवळच्या माणसांशी संबंधात अडचण आली का? उत्तरं ठरलेली: खूप म्हणजे तीन, बरंच म्हणजे दोन, थोडं म्हणजे एक, अजिबात नाही म्हणजे शून्य. बेरीज तीसपैकी. दहाच्या वर गेली की त्या माणसाला त्याच दिवशी वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवायचं. दहाच्या आत असली की घरी.

मला आधी वाटायचं, लोक तक्रारी घेऊन टपलेले असतील. उलटंच आहे. ओठ फुटून रक्त येतंय, पुसत पुसत सांगतात, अजिबात नाही. एक बसचा ड्रायव्हर येतो. तळहातांची सालं निघालेली, पण माझ्यासमोर हात मांडीखाली घालून बसतो. बेरीज तीन. सगळ्यांना एकच भीती, त्रास सांगितला तर डॉक्टर गोळी काढून घेतील. मी दिवसातून दहा वेळा सांगते की बाबांनो, लपवू नका, लवकर सांगितलंत तर मलमं आहेत, औषधं आहेत. माना डोलावतात आणि पुन्हा अजिबात नाही.

मी कामात चटपटीत आहे. एका माणसाला चार मिनिटं. शेजारच्या खोलीतल्या बाईला पंधरा लागतात, कारण ती लोकांना रडू देते.

आईचा आकडा दोन आहे. दर तीन आठवड्यांनी घेतला जातो आणि सहाही वेळा दोन. आमच्या यादीत तिच्याएवढा कमी आकडा दुसऱ्या कुणाचा नाही. आता तरी विश्वास ठेवशील? हे मी म्हणत नाहीये, कागद म्हणतोय.

ताई

५ मार्च

बटण,

आज काही गमती नाहीत.

बसचा ड्रायव्हर काल दाखल झाला. तळहाताच्या चिरांतून जंतू आत गेले, दंड खांद्यापर्यंत लाल झाला. बायकोने आणलं तेव्हा तो ताप चढून बडबडत होता. माझ्या कागदावर त्याची बेरीज तीन.

त्वचेच्या डॉक्टरने मला वर बोलावलं. वयाने तुझ्याएवढी असेल, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. तिने ड्रायव्हरचे चार कागद टेबलावर ओळीने मांडले आणि मला वाचायला सांगितलं. कामात अडचण? लागू नाही. लोकांत मिसळण्यात अडचण? लागू नाही. आवडीचं काम? लागू नाही. घराबाहेर पडण्यात? लागू नाही.

तुला सांगायचं राहिलं, उत्तरांत एक पाचवा चौकोन असतो. प्रश्न त्या माणसाच्या आयुष्याशी संबंधितच नसेल तर तिथे खूण करायची. नोकरी नसलेल्याला नोकरीबद्दल विचारून काय उपयोग, म्हणून तो चौकोन. त्याचेही गुण शून्य.

डॉक्टरने विचारलं, "हा ड्रायव्हर आहे ना? मग कामात अडचण लागू कशी नाही?"

मी सांगितलं की तो म्हणाला, मी आता कामावर जातच नाही, मग अडचण कसली येणार. मी खूण केली. तेवढंच. पुढच्या प्रश्नाला गेले.

"का जात नाही, ते विचारलंत?"

नाही विचारलं, बटण. चार मिनिटांत ते बसत नाही. तो कामावर जात नव्हता कारण त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं. मित्रांत जात नव्हता कारण ते हात मिळवायचे. ज्या ज्या गोष्टीत त्रास झाला ती ती त्याने सोडून दिली, आणि सोडली की आमच्या कागदावर त्रास संपला. ज्याने सगळं सोडलं त्याचा आकडा सगळ्यांत चांगला.

खाली आले आणि कपाटातून आईची फाइल काढली. तीन "लागू नाही" असतील असं वाटलं होतं. सहाही कागदांवर आठ आहेत.

ताई

८ मार्च

बटण,

एरवी मी आईकडे रविवारी जाते, दहा वाजता. तिला माहीत असतं, दार उघडायच्या आधी तिची तयारी झालेली असते. शुक्रवारी मी दुपारी अडीच वाजता न सांगता गेले, माझ्याकडच्या किल्लीने.

न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाचणीने लावलेला. सगळे नळ अर्धवट उघडे, बारीक धार चालू, कारण पिळायला बोटं लागतात. भांड्यांत फक्त एक मोठा पेला आणि एक पळी. ती महिनाभर जेवण पातळ करून पीत होती, चावायला ओठ उघडत नाहीत म्हणून. दाराच्या आतल्या बाजूला कागद खोचलेला: "मी गावाला गेले आहे." शेजारच्या काकूंनी बेल वाजवली की ती फटीतून सरकवत असणार. अक्षर इतकं वाकडं की मला आधी ते काकूंच्या नातवाचं वाटलं.

शिवणाच्या मशीनवर चादर. चाळीस वर्षं त्या मशीनवर मी चादर पाहिली नव्हती. बाबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

मशीनच्या खणात एक कोट आहे, गडद निळा. तुझा आहे. तुझ्या मापाचा, डावा खांदा किंचित खाली. सहा बटणांचा. चार काजं हाताने घातलेली, तिच्या त्या मुंगीएवढ्या टाक्यांची. पाचवं अर्ध्यावर आहे आणि सुई तशीच कापडात अडकलेली. अस्तरावर तपकिरी डाग आहेत. आधी मला चहा वाटला.

आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुती हातमोजे. मी म्हटलं काढ. ती म्हणाली मलम लावलंय. दर रविवारी हेच म्हणते आणि दर रविवारी मी मान डोलावते. या वेळी मी काढले. दहापैकी सात बोटांच्या नखांच्या कडा सुजून पिकल्या आहेत, आणि पेरांना चिरा, आतलं मांस दिसतं. चेहरा तर मी दर रविवारी बघतच होते. पण मी रोज असे वीस चेहरे बघते, बटण. मला तिथे कागदावरची "दुसऱ्या दर्जाची", म्हणजे मध्यम, पुरळ दिसायची, आईचा चेहरा नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू विचारतेस कुठे. तू उत्तर वाचून दाखवतेस, मी हूं म्हणते."

हे आता सांगावं लागणार. आईचे सहाही कागद मी भरले. रुग्णालयात नाही, तिच्या ओट्यावर ठेवून. नातेवाइकाने भरून घ्यायचे नसतात, कागदाच्या तळाशी छापलेलंच असतं: शब्द रुग्णाचे, लिहिणाऱ्याने भर घालू नये, गाळू नये, नातेवाइकाने हात लावू नये. आमची आडनावं वेगळी, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझी घाई होती आणि तिला परक्या बाईपुढे बोलायचा संकोच, म्हणून झालं ते झालं.

आणि तो निरोप. आई म्हणाली होती, "तिला लिही, चेहरा बरा झाला की बोलू, तोवर काही दिवस फोन करू नकोस." मी शेवटचंच लिहिलं. पुढचं गाळलं.

मंगळवारी सकाळी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेते आहे. मधे सुटी आहे, त्याआधी नंबर नाही. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस, तेवढ्यात काही बिघडत नाही.

ताई

११ मार्च

बटण,

बिघडलं.

फोनवर तुला सगळं कळलंच आहे, पण तू "आईला दे, आईला दे" म्हणत होतीस आणि मागे रुग्णालयाची यंत्रं वाजत होती, मला काही नीट सांगता आलं नाही. क्रमाने लिहिते. तुला क्रम लागतो.

सोमवारी दुपारी एकला काकूंचा फोन आला की तुमच्या घरातून पाणी जिन्यावर येतंय. तुमची आई गावाहून आली का? मी धावत गेले. नळ चालू, आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसलेली, हुडहुडी भरलेली. मला म्हणाली, काजाचा दोरा आण, तांबडा नको. उजव्या हाताचं मधलं बोट काळपट, मनगटापर्यंत रेघ चढलेली. रुग्णालयात नेलं तेव्हा ताप एकशे चार. रक्तदाब इतका खाली की मोजणाऱ्या नर्सने यंत्र बदलून पुन्हा मोजला.

जंतू रक्तात आहेत. दोन प्रकारची औषधं शिरेतून चालू आहेत. गोळी बंद केली, किमान तीन आठवडे. पुढचे दोन दिवस काय ते ठरवतील असं म्हणाले.

तुला यायला कागदपत्रांचा महिना लागेल हे मला माहीत आहे. मी तुला दोष देत नाही. आता मी कुणालाच दोष देण्याच्या जागेवर नाही.

आधीच्या पत्रात मी लिहिलं, घाई होती, संकोच होता, आणि त्याच्याही आधी, फाइलमध्ये तीनच "लागू नाही" असतील असं वाटलं होतं. ते कागद अजून वाटेत असतील. ते वाचशील तेव्हा हे माहीत असू दे की ते खोटं आहे. मी कागद घाईने भरले नाहीत. समजून भरले.

नोव्हेंबरात पुरळ आली तेव्हा पहिल्याच वेळी आई म्हणाली, शिवता येत नाही गं. मी "बरंच" वर पेन ठेवलं आणि मनात बेरीज केली. सोळा होत होती. सोळा म्हणजे वरचा मजला, त्वचेची डॉक्टर, मग ती गोळ्यांच्या डॉक्टरांना कळवणार आणि ते डोस कमी करणार. असं होताना मी पाहिलंय. गाठ तेव्हा नुकती लहान व्हायला लागली होती. मी आईला म्हटलं, पण आता तू शिवतच नाहीस ना, मग लागू नाही म्हणू या. ती म्हणाली, तू म्हणशील तसं. काकूंकडे जातेस? नाही. मग लागू नाही. एकेक करून तिच्या आयुष्यातून मी आठ गोष्टी काढल्या आणि खाली दोन लिहिलं. घरी जाताना मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यात काकड्या घेतल्या.

आणि तुला कळू दिलं नाही, कारण तू पहिल्या फोनला म्हणाली असतीस की आईला विचारा, तिला काय हवंय. बाबांच्या वेळी म्हणालीस तसंच. बाबा घरी न्या म्हणत होते आणि मी अजून एक उपचार, अजून एक उपचार करत राहिले. ते त्या नळ्यांतच गेले. तू बरोबर होतीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर तुझं तोंड पाहवत नव्हतं.

आता नर्स बोलावते आहे.

१४ मार्च

बटण,

ताप उतरला. काल फोनवर सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतं: ताप उतरला. बोट राहील, नख जाईल.

मी बुधवारीच वर जाऊन त्वचेच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कागद मागितले, सहाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नोव्हेंबरात सोळा असताना या माझ्याकडे आल्या असत्या, तर मलम आणि साध्या कॅप्सूलवर महिन्यात आवरलं असतं. गोळी पूर्ण चालू राहिली असती. डोस कमी करायची वेळ शेवटी येते, आधी नाही. हे तुम्ही रोज खाली लोकांना सांगता ना?"

सांगते. दिवसातून दहा वेळा.

मला प्रश्नांवरून काढलं आहे. तळघरात फायली लावायला बसवलंय. ते योग्यच आहे.

काल दुपारी डॉक्टर स्वतः आईचा कागद भरायला आली. मला पडद्याबाहेर जायला सांगितलं. मी गेले, पण पडदा म्हणजे काय, कापड. सगळं ऐकू येत होतं. मला चार मिनिटं लागायची, तिला पस्तीस लागली. ती प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. मला वाटायचं आता तरी पुढे जा, आईला कळलं नसेल, मी सांगू का. तेवढ्यात आई बोलायला लागायची. चाळीस वर्षांत ती माझ्यासमोर एवढं बोलली नाही. जेवताना ओठ फुटतात ते. उशीला चेहरा चिकटतो म्हणून बसून झोपते ते. एकदा पोस्टमन दचकला ते. डॉक्टरने विचारलं, जवळच्या माणसांशी काही अडचण? मी आमच्या घरात या प्रश्नाला सहा वेळा "लागू नाही" केलं होतं. नवरा हयात नाही, असा मी अर्थ काढला होता.

आई म्हणाली, "माझी धाकटी. तिला दर रविवारी फोनवर बघायचे. आता चौदा रविवार झाले. याला किती?"

"खूप वाटलं तर तीन."

"तीनच आहेत का तुमच्याकडे?"

बेरीज सत्तावीस.

मग गोळ्यांचे डॉक्टर आले. तीन आठवड्यांनी गोळी सुरू करायची आहे. पूर्ण डोस पुन्हा घ्यायचा, त्वचेची औषधं जोडीला देऊन, पण हात तसे होण्याचा धोका राहणारच. किंवा कमी डोस. मला आत घेतलं होतं, मी भिंतीला टेकून उभी. आईने विचारलं कमी घेतली तर सुई धरता येईल का. ते म्हणाले, येण्याची शक्यता बरीच जास्त. आणि गाठ? ते म्हणाले, काहींची तेवढ्यावरही आटोक्यात राहते, तुमची राहील का हे मी सांगू शकत नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सवयच आहे सगळ्यांना. बटण, माझ्या तोंडाशी आलं होतं, पूर्ण द्या. जिभेच्या टोकावर होतं. मी खिशातलं पेन घट्ट धरलं आणि म्हटलं, तिला विचारा.

आई म्हणाली, कमी.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि रडले. मग तोंड धुऊन परत गेले.

ताई

२३ मार्च

बटण,

मी बोलतेय, ताई लिहितेय. कालच घरी आणलं मला. बोटं अजून बांधलेली आहेत. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, मधे खोकले तर तेही लिहायचं. अजून खोकले नाही.

आधी पत्र, मग फोन, असं मी ठरवलंय. रुग्णालयात तू इतक्यांदा फोन केलास, मी घेतला नाही, कारण आधी सांगावं आणि मग दाखवावं. तर सांगते. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर खपल्या आहेत. भुवया विरळ झाल्या. पापण्या मात्र लांब वाढल्यात, गोळीने असंही होतं म्हणे, तरुणपणी हव्या होत्या. कपाळ आता बरं दिसतं. ओठाला हसताना त्रास होतो, म्हणून मी हसले नाही तर रागावले असं समजू नकोस.

तुला निरोप अर्धा मिळाला. अर्धा ताईने खाल्ला. तिने मला सांगितलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग भूक लागली. चमचा तीच धरते, न बोलून कसं चालेल.

आता हे नीट लिही गं. बाबांना विचारलं नाही हे खरं आहे. ताईने नाही विचारलं. पण मीही नाही विचारलं. त्या खोलीच्या दाराशी मीही उभी होते, सही माझीही होती. तू चार वर्षं सगळं हिच्या माथी मारलंस आणि मी मारू दिलं, कारण मग माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. का थांबलीस? लिही. "मला घरी न्या" असं ते माझ्याकडे बघून म्हणाले होते, हिच्याकडे बघून नाही. लिहिलंस? वाचून दाखव.

बरोबर आहे.

ताई घाबरट आहे. लहानपणापासून आहे. तू दोन वर्षांची असताना बटण गिळलंस तेव्हा तू खुशाल खेळत होतीस आणि ही सात वर्षांची पोर दोन दिवस जेवली नाही. तेही लिही, लाजू नकोस. घाबरट माणूस फार घट्ट धरतं. तिला चार शब्द सुनाव, पण चारच.

गोळी कमी करायचं मी ठरवलं, कुणी सांगितलं नाही. किती दिवस मिळतील ते माहीत नाही. जे मिळतील ते मला हातांसकट हवेत. तुझा कोट अर्धा पडलाय. चार काजं झालीत, पाचवं अडलंय. डाग मी काढीन, थंड पाण्याने निघतात, ताईने गरम वापरू नये. सहावं तू आल्यावर घालीन, तुझ्या अंगावर बघून, कारण तू आता बारीक झालीस का जाड ते मला कुणी सांगत नाही.

पत्र मिळेल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन कर. अकरा वाजता, नेहमीसारखा. मी आरशावरचा टॉवेल काढायला सांगितलाय.

खोकले. लिही.

आई

बटण, वरचं सगळं तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी मान हलवली आणि एका ठिकाणी डोळे मिटून घेतले. भर घातली नाही, काही गाळलं नाही.

इथून पुढच्या प्रत्येक रविवारी अकराला फोन मशीनला टेकवून ठेवीन, चादर काढून. मग मी बाहेर जाईन. बाराला परत येईन.

ताई